कंट्रोल-झेडनंतर हात वर

बाई,

आज सकाळी आपल्या संगणकाच्या वर्गात देवबागच्या काकी अशा ओरडल्या, की खालचा झेरॉक्सवाला जिन्यात येऊन "काय झाला?" म्हणून विचारून गेला. या काकी घरात पाहुणे ठेवतात, आणि पाहुण्यांसमोर ठेवायचं जेवणाचं पत्रक स्वतःच्या हाताने करायचा त्यांनी चंग बांधलाय. मालवणात शिकल्या तर ओळखीची माणसं हसतील, म्हणून एसट्या बदलत ओरोसला येतात. एका बोटाने टिपत टिपत सुरमई, तिसऱ्या करत सोलकढीपर्यंत पोचल्या होत्या. आज सगळं निवडून अक्षरं मोठी करायला गेल्या आणि बोट पडलं स्पेसवर. पान कोरं. "गेला गो बाये, माझा सगळा गेला!" मी जागेवरूनच ओरडले, "काकी, हात वर!" त्यांनी पोलीस समोर उभा असल्यासारखे दोन्ही हात वर केले. मग मी जाऊन त्यांचं एक बोट कंट्रोलवर ठेवलं, दुसरं झेडवर, आणि सुरमई परत आली. काकी माझ्याकडे बघतच राहिल्या. मला मात्र तुमचा आवाज ऐकू आला होता, माझ्याच घशातून निघालेला. म्हणून सगळे गेल्यावर हे लिहायला बसले आहे. भर दुपार आहे. पंखा तुमच्या वेळचाच आहे आणि तसाच कुरकुरतो.

मी पहिल्यांदा या जिन्याने वर आले तेव्हा मला काही शिकायचं नव्हतं, घरातून बाहेर पडायचं होतं. सासरहून परत आलेली मुलगी. टाकलेली म्हणायचं की रुसलेली, हे गावाचं अजून ठरत नव्हतं. सासरी मला कुणी मारलं नाही, हे खरं सांगायला हवं. फक्त माझ्या हातून काय काय बिघडलं ते त्या घरात कुणी विसरत नसे. एक चहाचा कप माझ्या हातून फुटला, तो पुढे वर्षभर रोज फुटत राहिला. मीठ जास्त पडलं की कप, दूध उतू गेलं की कप. "हिच्या हाताक यश नाय," असं सासू म्हणायची, मग नवरा म्हणायला लागला, आणि शेवटी मीही म्हणायला लागले. गणपतीला माहेरी आले ती परत गेलेच नाही. बाबांनी भातकापणीच्या धांदलीत काही विचारलं नाही. पण सासरची माणसं कधीतरी न्यायला येणार आणि मी जाणार, हे घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. तोवर रिकामी बसू नये म्हणून मी तळेऱ्याला एसटीत बसून तुमच्याकडे यायला लागले.

तुम्ही मला खुर्चीत बसवलंत आणि मी हात मांडीवर घट्ट धरून बसले. "हात लावू?" म्हणून विचारलं. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. ऑफिसात जन्म काढल्यामुळे वर्गात तुम्ही शुद्ध मराठी बोलायचात, पण कुणी घाबरलेलं दिसलं की लगेच मालवणीवर यायचात. "हात लावूकच बसवलंय तुका. नायतर घराकडे काय कमी खुर्चये होते?" मग माझ्याकडून माझ्या गावाचं नाव लिहून घेतलंत आणि म्हणालात, "आता बिघडव." मला वाटलं, थट्टा चाललीय. "बिघडव गो. पुसून टाक, वाकडातिकडा कर, काय होया ता कर." मी भीत भीत नाव पुसलं. तुम्ही माझी दोन बोटं धरून दोन बटणांवर ठेवलीत, आणि गाव जसंच्या तसं परत आलं. मी पुन्हा पुसलं. पुन्हा आलं. तो सबंध तास मी माझं गाव पुसत होते आणि परत आणत होते. घरी जाताना एसटीत मला हसू येत होतं. कितीतरी महिन्यांनी आलेलं हसू, बाई.

तुमचं त्या बटणांवर एवढं प्रेम का, ते नंतर कळलं. तुमची सगळी नोकरी टाइपरायटरवर गेलेली. खाली कार्बन लावलेले कागद, एक अक्षर चुकलं की प्रत्येक प्रतीवर खाडाखोड, आणि वर साहेबाची बोलणी. "माझो अर्धो जन्म खोडण्यात गेलो," म्हणायचात. म्हणून कुणाचं काही पुसलं गेलं की तुम्हाला रागाऐवजी उत्साहच यायचा. "हात वर!" सगळ्या वर्गाने हात वर करायचे. मग तुम्ही देवळातल्या गुरवासारखा आवाज लावून गाऱ्हाणं घालायचात, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान काय भलताच दाबल्यान असात, तर ता मागे घे रे म्हाराजा!" आणि आम्ही सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "होय म्हाराजा!" खालून रस्त्याने जाणाऱ्यांना वाटायचं, वर कुठलं देवस्थान आहे. त्यानंतर कंट्रोल-झेड. डाव्या हाताने दाबताना एका मुलीने नाक मुरडलं, तर तुम्ही म्हणालात, "डाव्या हातान दिलेला देव घेणा नाय, ह्यो घेता." आणि मागे घेतलेलं पुन्हा पुढे आणणारं कंट्रोल-वाय शिकवताना एवढंच म्हणाला होतात, की मागे जायला एक हात पुरतो, पुढे यायला दोन्ही लागतात. त्यात काही मोठं तत्त्वज्ञान नव्हतं. वाय बटण लांब आहे, एवढंच.

तुम्ही एकदाच मला रागावलात. सबंध सकाळ बसून तुम्ही गावच्या जत्रेतल्या नाटकाचं पत्रक लिहिलं होतंत, आणि त्यातली एक ओळ बदलायला मला सांगून आत चहा करायला गेलात. माझ्या हातून ओळ हलली. मी कंट्रोल-झेड दाबलं. आणखी हललं असं वाटलं, पुन्हा दाबलं. मग भीतीने बोट थांबेचना. दाबत दाबत मी मागे मागे गेले आणि पान कोरं झालं. तुम्ही आतून ओरडलात, "हात वर!" तेवढं ऐकलं असतं तर कंट्रोल-वायने सगळं पत्रक चालत परत आलं असतं. पण कोरं पान बघून मी काहीतरी करायचं म्हणून एंटर मारलं. संपलं. मग तुम्ही कितीही कंट्रोल-वाय दाबलंत तरी काही येईना. हातातली गाळणी तशीच धरून तुम्ही माझ्यावर ओरडलात. "मागे गेलंस ह्येच्यात काय चुकला नाय गो! मागे जावन घाबरून कायतरी दाबलंस, ता चुकला! नवीन अक्षर पडला की जुनी पुढची वाट बंद. मगे देव इलो तरी ती उघडूची नाय." मग खुर्ची ओढून बसलात, स्वतःशीच "सेव्ह मीच करूक नाय, माझीच अक्कल गेलली," असं पुटपुटलात, आणि सगळं पुन्हा लिहून काढलंत. चहा गार झाला. मी एसटीत रडले.

दुसऱ्या दिवशी मी कप फुटायची वाट बघत आले. म्हणजे आता तुम्ही रोज हे काढणार, हे मी गृहीत धरलं होतं. कुणी काही पुसलं की म्हणाल, हिनं तर अख्खं नाटक पुसलं होतं. तुम्ही काढलं नाहीत. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही, कधीच नाही. राग आला तिथेच संपला. तुम्ही मला संगणक शिकवलात ते ठीकच आहे, दुसरं कुणीही शिकवलं असतं. पण झालेली चूक झाल्याजागी सोडून देता येते, हे मला तुमच्या या खोलीत पहिल्यांदा दिसलं. त्याचे उपकार मानायला मला तेव्हा शब्द सुचले नाहीत, आजही नीट सुचत नाहीत.

मग निरोप आला, रविवारी सासरची माणसं न्यायला येतायत. शनिवारी मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही जाऊ नको म्हणाल असं मला वाटलं होतं, खरं तर तसं म्हणावंत असंच वाटत होतं. तुम्ही काजूगर तोंडात टाकलात, खिडकीतून एसटी स्टँडकडे बघितलंत आणि म्हणालात, "जावचा तर जा. पण भिवन जाव नको." नंतर कमरेची किल्ली सोडून माझ्या हातात दिलीत. "सोमवारपासून सकाळची बॅच तुझी. जातंस असशीत तर किल्ली खालच्या झेरॉक्सवाल्याकडे दी." बस्स. सोमवारी सकाळी मी कुलूप उघडलं. तुम्ही नंतर आलात, मला खुर्चीत बघितलंत, काही विचारलं नाहीत, चहाचं आधण ठेवलंत. पण पुढे प्रत्येक नव्या मुलीला सांगायचात, "ह्या चेडू पक्का. सासरची माणसां न्हेवक इली, ह्येना सरळ तोंडार नाय म्हणान सांगल्यान." मी मान खाली घालायचे. तुम्हाला वाटायचं, लाजते.

तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. वर्ग मी चालवते. फोनवर दर दोन दिवसांनी कुणीतरी पाठवतं, की आयुष्याला कंट्रोल-झेड नसतो. खाली गुलाबाचं फूल. मला अशी चीड येते म्हणून सांगू! पाठवणाऱ्यांना ते बटण कधी भीतीने दाबावं लागलेलं नसणार. आज काकी जाताना जिन्यावर थांबल्या. "बाये, गेलेला परत येता ह्या बरा आसा. पण मागे घेतलेला परत येवक नको आसात तर?" म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, नवीन अक्षर टाका काकी, मग ते येत नाही. काकी हो हो म्हणत एसटीकडे पळाल्या, आणि मी इथे येऊन बसले.

बाई, त्या रविवारी मी आधी "येतंय" म्हटलं होतं. पिशवी भरून खाटेखाली ठेवलेली होती. नवऱ्याचे काका कोकम सरबत पीत म्हणाले, "झाला गेला विसरा, चेडवाक धाडा." नवरा खाली बघत होता. बाबांनी मला विचारलं, "बाये, काय म्हणतंस?" आणि सगळे बघतायत म्हणून, घाबरून, मी म्हटलं, "येतंय." काकांनी पेला खाली ठेवला. आई पिशवी आणायला उठली. किल्ली माझ्या मुठीत होती आणि मूठ इतकी आवळली होती, की तळवा दुखायला लागला. मी मूठ उघडली, आणि म्हटलं, "नाय. येवचंय नाय." बाबा म्हणाले, "आत्ता येतंय म्हटलंस मां?" मी म्हटलं, "म्हटलंय. मागे घेतलंय." काका हसले, ते काहीतरी बोलणार होते. समजूत घालून माझं "येतंय" पुन्हा पुढे ओढून आणणार होते, आणि ते आलं असतं, बाई, मी मला ओळखते. म्हणून त्यांचं तोंड उघडायच्या आत मी नवीन अक्षर टाकलं. म्हटलं, "उद्या सकाळी माझी बॅच आसा."

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही मला पक्की म्हणायचात, ते ऐकायला फार बरं वाटायचं.