नऊ जागांचा माणूस

मंगळवार, ३ फेब्रुवारी १९८७

सकाळी इथे बेटावरच्या ऑफिसात लिस्बनहून फोन. आमच्या जहाजाचा इंजिनवाला थोर्किल्ड तिथल्या इस्पितळात पडलाय. हृदय. डॉक्टर म्हणतात घरी न्या, पण आडवा झोपवून, बसवायचा नाही. विमानात माणूस झोपवायचा तर नऊ खुर्च्या काढाव्या लागतात. म्हणजे नऊ तिकिटं! वर एक नर्स.

खर्च मालकाचा. कायदाच तसा आहे, खलाशी आजारी पडला की त्याला घरी पोचवायचं कंपनीने. आमची कंपनी म्हणजे दोन जहाजं, प्रेबन हा मालक आणि मी त्याचा कारकून.

प्रेबनने मला आकडा दोनदा वाचायला लावला.

"नऊ? ओलुफ, तो जन्मभर एका स्टुलावर बसला रे!"

बुधवार, ४ फेब्रुवारी

प्रेबनने मला विमान कंपनीला विचारायला लावलेले प्रश्न:

उरलेल्या आठ जागांवर कुणाला बसवलं तर चालेल का? नाही. त्या जागाच उरत नाहीत.

कुशीवर झोपवला तर कमी लागतील का? नाही.

जेवण कितीजणांचं मिळतं? इथे फोनवरच्या बाई हसल्या. कितीतरी वेळ हसत होत्या. मी थांबलो.

संध्याकाळी एल्ना, थोर्किल्डची बायको, ऑफिसात आली. कोट न काढताच बसली. "त्याला घर बघायचंय, ओलुफ. दुसरं काही मागत नाही तो. तिथे म्हणे मासळीवर तेल ओततात." मी म्हणालो, "हं." माझी बायको बोडिल म्हणायची, तुझ्या एका 'हं'चे सतरा अर्थ मी पाठ केलेत. आता ते कुणालाच येत नाहीत.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

प्रेबनला युक्ती सुचली. आमचंच जहाज लिस्बनहून बुचाची साल भरून तीन आठवड्यांनी परत येतंय. त्यातच थोर्किल्डला घालायचा. "आपलंच जहाज, त्याचाच बिछाना! उशाला त्याचं इंजिन! अजून काय पाहिजे माणसाला?"

मी लिस्बनच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तीन आठवडे? तीन आठवड्यांचं मी काही सांगू शकत नाही.

हे मी प्रेबनला सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. बर्फ बघतोय असं दाखवत होता.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

प्रेबन विचार करतोय.

रविवार, ८ फेब्रुवारी

घरीच. बोडिल गेली तेव्हा, नोव्हेंबरात, लोकांनी आणलेले केक अजून फ्रीजरमध्ये आहेत. या बेटावर कुणी गेलं की घरोघरून केक येतात, माणूस एकटा उरला असेल तर जास्तच. रोज रात्री एक तुकडा काढतो. संपल्यावर काय करायचं ते ठरवलेलं नाही.

सोमवार, ९ फेब्रुवारी

काय दिवस! सगळं लिहून ठेवतो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

प्रेबनच्या आईचा आज ऐंशीवा वाढदिवस. वाढदिवसाला झेंडा चढवायचा, म्हणून सकाळी ऑफिससमोरच्या खांबाशी गेलो. थंडीने दोरी काठीसारखी कडक. झेंडा निम्म्यावर गेला आणि अडकला. वर जाईना, खाली येईना. प्रेबन लोंबकळला, तरी नाही. खालून शिव्या देऊन झाल्या, त्यानेही नाही.

जहाजवाल्यांच्या ऑफिसवर झेंडा निम्म्यावर म्हणजे खलाशी गेला. बेटावर कुणाला हे समजावून सांगावं लागत नाही! तासाभरात बेकरीत रांग. आणि कोण आजारी होतं हेही सगळ्यांना ठाऊक.

प्रेबन माझ्यावर ओरडला, "पळ! एल्नाच्या घरी जा! सांग सगळ्यांना, जिवंत आहे म्हणून!"

मला! सांगायला!

पोचलो तर दिवाणखाना भरलेला. टेबलावर सात केक, धुरी दिलेला मासा, पाद्रीबुवा मधल्या खुर्चीत. मी तोंड उघडलं की कुणीतरी ताटली हातात द्यायचं. बेकरीवाली कामा माझा दंड धरून म्हणाली, "तुझं दुःख तर अजून ओलंच आहे रे. खा." मी खाल्लं.

शेवटी स्वयंपाकघरात शिरलो. एल्ना कॉफी गाळत होती. डोळे कोरडे. "एल्ना, तो गेलेला —"

"माहीत आहे मला. सकाळीच फोनवर बोलले मी त्याच्याशी. दाढी करून हवी म्हणत होता." मग गाळणी रोखून म्हणाली, "पण बाहेर एक शब्द बोललास तर बघ. त्यांना जरा बोलू दे."

आणि ते बोललेच. प्रेबन तीन आठवडे त्याला बुचाच्या ढिगाखाली घालून आणणार होता म्हणे! नऊ तिकिटं जड झाली त्याला, आणि आईला नवी गाडी घेतली ती? (गाडी जुनी आहे. पण मी गप्प.) माझ्या अबोलपणाचा कुणाला उपयोग झाला असा हा पहिलाच दिवस. तीन तुकडे खाल्ले.

मग दारात प्रेबन. घामाघूम.

"अहो, तो जिवंत आहे! दोरी गोठलीय!"

कामाने केकवरची सुरी खाली ठेवली. मग पाद्रीबुवा सावकाश म्हणाले, "असं होय. मग आण की त्याला."

"आणतोच आहे!" प्रेबन म्हणाला. "आणायचंच तर चाललंय! ओलुफ, सांग ना यांना!"

सगळे माझ्याकडे वळले. एल्ना स्वयंपाकघराच्या दारात.

मी म्हणालो, "नऊ जागा. आज दुपारी नक्की करतो."

बोललो खरं! प्रेबनचा चेहरा ऑफिसातल्या तिजोरीसारखा झाला. पण एवढ्या लोकांपुढे नाही कोण म्हणणार?

कुणी केक परत नेले नाहीत.

शनिवार, १४ फेब्रुवारी

थोर्किल्ड आला! बर्फ फोडत बोट धक्क्याला लागली, स्ट्रेचर चौघांनी उतरवलं. वाळलाय फार. प्रेबनला बघून म्हणाला, "नऊ जागा! मला वाटलं, तू मला टपालाने मागवशील."

"टपालही विचारलं होतं," प्रेबन म्हणाला. दोघं हसले. प्रेबन जरा जास्तच.

नर्सच्या हातात भलीमोठी पिशवी. नऊ जणांचं जेवण! प्रेबनने तिला फोनवर बजावलं होतं म्हणे, भरलेल्या पैशाचं काही सोडायचं नाही. ऑफिसात बसून आम्ही दोघांनी ते खाल्लं. कोंबडी होती. बरी होती.

सोमवार, २३ फेब्रुवारी

एल्नाने खाट खिडकीशी सरकवलीय. थोर्किल्ड दिवसभर बंदर बघतो आणि आमच्या दुसऱ्या जहाजाच्या धुराला नावं ठेवतो. "काळा येतोय. कुणाला आणून बसवलंय तिथे?" प्रेबन रोज जातो. जाताना काही ना काही नेतो, बिल मात्र मला दाखवत नाही.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

पहाटे एल्नाचा फोन.

"गेला रे. झोपेतच. घरातच." मग म्हणाली, "लोकांना दुपारी सांगू. त्यांचं एकदा रडून झालंय. आत्ता तू ये, ओलुफ. काही बोलू नकोस. नुसता बस."

निघतो.