लिंबाची अर्धी ओळ

विश्रामबाग, सांगली
रविवार, १२ जानेवारी २०२५

चिरंजीव बिरदेव यास,
सिद्धनाथ मास्तरांचे भरघोस आशीर्वाद.

तू माझ्याहून पाच महिन्यांनी लहान आहेस, तेव्हा 'चिरंजीव' लिहिण्याचा अधिकार माझा. मासिकांनी तुला 'ज्येष्ठ गायक' म्हटलं म्हणून तो जात नाही. इकडे सर्व क्षेम. थंडीने मंगलचे गुडघे कुरकुरतात. सोनिया इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि बापाला संस्कृत सोडून काही उपयोगाचं येतं का, याचा अधूनमधून तपास घेते. म्हसवडच्या रथाच्या यात्रेला गेलो होतो. तुझ्या आईला भेटलो. हरणाकाकू म्हणाल्या, "बिऱ्या पेपरात आलाय म्हनं. जेवतोय का न्हाई, त्ये काय कुणी लिवलं न्हाई." समीक्षेतली ही उणीव मलाही जाणवली होती.

मेंढरांच्या जाळीचं नाव घेतलेल्या तुझ्या 'वाघर' बँडचा 'जाळीबाहेर' हा नवा अल्बम येऊन दीड महिना झाला. "कसा वाटला रं?" हा तुझा मेसेजही तेवढाच जुना. त्यावर मी अंगठा पाठवला. कऱ्हाडच्या कॉलेजापासून ज्याने तुझ्या डाव्या बाजूला उभं राहून झील धरली, त्याने अंगठा पाठवावा हे काही बरं नव्हे. म्हणून हे पत्र. उशीर झाला, कारण आधी समीक्षक काय म्हणतात ते वाचत होतो. मूळ ग्रंथ बाजूला ठेवून टीका वाचायची ही आम्हा शास्त्र्यांची जुनी खोड.

पुण्याच्या एका साप्ताहिकाने तुला दोन पानं दिली आहेत. 'इलेक्ट्रिक गिटारमधून माणदेशाचा खडक आक्रोश करतो,' असं त्यात आहे. आपलं बालपण त्या खडकावर गेलं. तो कधी काही बोलल्याचं मला तरी आठवत नाही. मुंबईच्या एका संकेतस्थळाने पाचपैकी साडेचार तारे दिले. अर्धा तारा कुणी कापला ते कळव, त्याला चहा पाजायचा आहे. आणि यूट्यूबवर एक चष्मेवाला मुलगा तुझं तिसरं गाणं ऐकताना चक्क डोळे पुसतो. चष्म्याच्या वरून पुसतो, त्यामुळे माझा पूर्ण विश्वास बसला नाही.

तुझ्याबरोबर गाणाऱ्या क्रांतीवर मात्र सगळे एकदम खूश. 'ती ओळ झेलत नाही, पेटवते.' गाणाऱ्याने ओळ अर्धी सोडायची आणि शेजारच्याने ती उचलून पुरी करायची, ही आपल्या ओवीची रीत. तिचं वर्णन त्यांनी असं केलं आहे, जणू ती क्रांतीने मागच्या पावसाळ्यात शोधून काढली. मुलगी गुणी आहे, नाही कशाला म्हणू? वरच्या पट्टीत जरा नाकात जाते. हे कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. मंगलला ऐकवलं तर म्हणाली, "आवं, कुठं नाकात जातीय? तुमच्याच नाकाला झोंबतंय कायतरी."

षड्रिपूंच्या यादीत मत्सर शेवटी येतो. म्हणजे शेवटच्या बाकावर. आणि वर्गात सर्वांत जास्त दंगा कुठल्या बाकावरून होतो, हे शिक्षकाला सांगायला नको.

एक वाईट परीक्षणही आलं. तू पाहिलं असशीलच. 'गोंगाट. ओवीच्या गळ्याला तारांचा फास.' ते मी मंगलला चहाबरोबर मोठ्याने वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं. काय वाक्यरचना, काय संयम! मग एका ओळीवर अडलो. 'ढोल सतत मागे पडतो. वादकाला लय सांभाळता आलेली नाही.' माझं डोकंच फिरलं. अरे, आपला धनगरी गजी नाचताना माणूस डावा पाय जरा ओढून टाकतो. ढोल त्या पायासाठी थांबतो. त्याला लय चुकणं म्हणतात? संपादकांना दोन पानी खरमरीत पत्र लिहिलं, कुरिअरने पाठवलं आणि घरी येताना लक्षात आलं, की आपण तुझी बाजू घेतली. दिवस वाया गेला.

शेवटच्या गाण्याबद्दल मी अजून काही लिहिलं नाही. तुझ्या लक्षात आलंच असेल.

'उघड्या माळावर लिंब एकला गं, एकला...' म्हणतोस आणि थांबतोस. क्रांती उचलत नाही. गिटारही नाही. नुसता ढोल, लांब, मेंढरं परतताना ऐकू यावा तसा. मग पुन्हा तीच अर्धी ओळ, पुन्हा तेच मोकळं. सगळे समीक्षक या जागेवर तुटून पडले आहेत. 'उजाड गावाचं मौन.' 'आधुनिक माणसाचं एकाकीपण.' साप्ताहिकवाल्याने तर लिहिलं, की या ओळीला दुसरा अर्धा भाग नाही, हीच तिची शोकांतिका.

भाग नाही? कॉलेजात असताना मलकापूरच्या आपल्या खोलीत स्टोव्ह भडकला होता, आमटी करपली होती आणि दाराबाहेर बसून आपण ती ओळ जुळवली. पुढचा अर्धा माझा होता. तू ओळ सोडायचास तेव्हा माझ्याकडे बघायचा नाहीस. डावं कोपर बरगडीत मारायचास, बस्स. "धर की रं गड्या" हे त्या कोपरातच असायचं. मग तू बँडमध्ये गिटारवाला आणलास आणि मला इथे शाळा मिळाली. भांडण झालं नाही. झालं असतं तर मिटवायला तरी कुणी आलं असतं.

परवा सकाळी मी दाढी करत होतो. सोनियाने बाहेर तुझं हे गाणं लावलेलं. मंगल दारात येऊन उभी राहिली. "आवं, त्यो गडी गप बसला, तवा तुमी कशाला मधी गाताय?" मी म्हणालो, मी कुठे गायलो? ती म्हणाली, "मग काय आरसा गायला?" साबण वाळेपर्यंत मी तसाच उभा. मंगलनेच गाणं मागे नेऊन पुन्हा लावलं. तू थांबलास आणि मी पुन्हा गायलो. या वेळी मलाही ऐकू आलं. मंगल आत गेली तोवर पोहे करपले होते.

तर आता नेमकं विचारायचं ते. ही जागा तू कुणासाठी सोडली आहेस? समीक्षकांचं खरं असेल, म्हणजे ते मौन, एकाकीपण वगैरे, तर एका मास्तराने उगाच साबण वाया घालवला. त्याचा मला खेद होणार नाही. होईल, पण मी तो दाखवणार नाही. आणि तसं नसेल, तर इतकी वर्षं ती क्रांतीला का दिली नाहीस, हे मला विचारायचं धाडस नाही. फोनवर तर मुळीच नाही. म्हणून कागद.

२५ तारखेच्या तुमच्या इथल्या कार्यक्रमाचे पास मिळाले. दुसरी रांग. मंगल आणि सोनिया तिथे बसतील. मी मंचाच्या डाव्या पायरीशी उभा असेन, पूर्वीसारखा धोतरात नव्हे, घाबरू नकोस. क्रांतीला म्हणावं, शेवटच्या गाण्यापुरती दोन पावलं सरक. तिच्या नाकाबद्दलचं वाक्य तिला दाखवू नकोस. ते खोटं आहे. तीनदा ऐकून खात्री केली.

नेहमीसारखं न बघता कोपर मार. जरा बेताने, बरगड्या आता पन्नाशीच्या आहेत. नाहीच मारलंस, तर पायरीवरून टाळ्या वाजवीन आणि वाटेत मंगलला समीक्षक कसे बरोबर होते ते समजावून सांगेन. तिला पटणार नाही.

हरणाकाकूंना फोन कर. जेवतोस, म्हणून सांग.

...सावलीला बसलं दोघं,
सिद्धू