फळ्यावरचा नारू

आये,

तुझ्या पायातला नारू मी जन्मभर फळ्यावर काढला. सांगलीच्या शाळेत सातवीच्या मुलींना शिकवताना आधी माणसाचा पाय काढायचा, मग विहिरीची पायरी, मग पाण्यातला तो डोळ्यांना जेमतेम दिसणारा किडा, आणि किड्याकडून परत माणसाकडे बाण. झालं चक्र पुरं. मुली ते वहीत उतरवून घ्यायच्या, हौसेनं रंगसुद्धा भरायच्या. आता नारू गेला, धडाही गेला, मीही निवृत्त झाले. तरी वर्तमानपत्र वाचता वाचता माझा हात कडेला तोच पाय काढून ठेवतो. त्या पायात मी कधी जोडवी काढली नाहीत, एवढीच काय ती लपवाछपवी.

दुष्काळाचं वर्ष होतं. वडूजकडच्या आपल्या गावात सगळे आड आटले आणि पाणी उरलं ते फक्त पायऱ्यांच्या विहिरीत, तेही तळाला. खाली उतरून पाण्यात उभं राहिल्याशिवाय कळशी भरायची नाही. वडील पलटणीत, धाकटा अजून रांगणारा. नेमका तेव्हाच तुझ्या घोट्यावर फोड आला, फुटला, आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखं टोक बाहेर पडलं. तू चुलीपुढं बसतेस, भाकरी तव्यावर टाकतेस आणि ती शेकेपर्यंत त्या दोऱ्याला जोंधळ्याच्या काडीवर एक वेढा देतेस. रोज बोटभर. तुटला तर पाय सुजून जाईल म्हणून श्वास रोखून. वर धोत्र्याचा पाला बांधतेस. "अंगातली उष्णता हाय, निघंल," म्हणतेस. पाणी मी आणते म्हटलं तर खेकसतेस, "साळा बुडवू नगंस." विहिरीत उतरलं की पायाची आग थांबते, म्हणून तू तिथं जरा जास्तच वेळ उभी राहायचीस. ते मला ठाऊक होतं.

आणि गुरुजींनी नारूचा धडा घेतला. उष्णतेनं नारू होत नाही, पाण्यातून होतो. नारूचा पाय पाण्यात बुडला की हजारो अळ्या सुटतात, त्यांना पाण्यातले बारीक किडे खातात, ते किडे पाण्याबरोबर आपल्या पोटात जातात, आणि वर्षभरानं नारू बाहेर पडतो. "कुणाच्या घरी आहे का नारू?" त्यांनी विचारलं. उत्तर येत असलं की हात वर करायची मला खोडच होती. "गुरुजी, आमच्या आयेला हाय. ती रोज पाण्यात उतरती. आग थांबती म्हणून उभीच ऱ्हाती." गुरुजी शाबास म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्याच संध्याकाळी त्यांनी चावडीवर सगळं समजावून सांगितलं, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

दुसऱ्या दिवशी थोरली काकी तुला म्हणाली, "तू वरच बस बाय. आमी दिऊ भरून." दोन दिवस दिली बायांनी. मग ज्याचं त्याला पुरेना. शाळेतून येताना मी पाहिलं, तू काठावर उन्हात बसली होतीस, रिकामी कळशी मांडीला लावून, आणि बाया तुझ्याकडे न बघता पायऱ्या चढत होत्या. मी हाक मारली नाही, दुसऱ्या वाटेनं घरी आले. रात्री म्हटलं, "आये, खरंच हाय ते. पुस्तकात हाय."

"आसंल गं खरं," तू म्हणालीस. "पर मला आदी सांगायचंस की. मी काय गावाची वैरीण हाय व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून शाळा बुडवून मीच पाण्याला जायला लागले आणि तू जुन्या लुगड्याचं फडकं दुहेरी करून, गाळल्याशिवाय घरात थेंब येऊ देईनास. पण आधीचं पाणी आपण पिऊन बसलो होतो, त्याला फडकं काय करणार! तुझा घोटा तर आखडला तो कायमचाच.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या घोट्यावर फोड आला. पाण्याला गेले तेव्हा दुपार होती, पायऱ्यांवर चिटपाखरू नव्हतं. आग कसली, निखाऱ्यावर पाय धरल्यासारखं झालं होतं. मला सगळं पाठ होतं गं, अळ्या, किडे, बाणसुद्धा. तरी मी पाय पाण्यात सोडला. आणि इतकं बरं वाटलं की मी बराच वेळ काढलाच नाही.

घरी आल्यावर तू फोड पाहिलास आणि पहिलं विचारलंस, "पाण्यात बुडीवला न्हाईस न्हवं?"

मी म्हटलं, न्हाई.

त्यावर तू लंगडत थोरल्या काकीच्या दारात गेलीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलंस, "माझी पोर शिकल्याली हाय. तिनं पाय न्हाई बुडीवला."

तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तरी हे पत्र मलाच तुझ्यापुढं बसून वाचावं लागलं असतं, आणि मी हा शेवटचा भाग गाळला असता.