पाच तुकड्यांचं क्लॅरिनेट

३ मार्च
पेटीत पाच तुकडे. पस्तीस वर्षं ह्यांनी कुणाला हात लावू दिला नाही — आणि आज मी मांडीवर घेऊन बसले! अर्धांगाच्या झटक्याने ह्यांचं उजवं अंग गेलं, वाचा गेली. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, "ओळखीची वस्तू हातात देऊन बघा." काही कळतं का ह्यांना? डॉक्टर म्हणे, सांगता येत नाही.

५ मार्च
तुकड्यांच्या टोकांवरच्या बुचांना मेण चोळलं, हलके फिरवत तुकडे बसवले. मधले दोन काही बसेनात. त्यात हे डाव्या हाताची दोन बोटं माझ्या मनगटावर दाबत राहिले. पाणी दिलं — तोंड फिरवलं. लघवीचं भांडं दिलं — नको. पुन्हा तीच दोन बोटं! शेवटी ओरडले, "अहो, मला काय दहा हात आहेत?" मग मोरीत जाऊन रडले.

६ मार्च
क्लॅरिनेट उचललं की दोन बोटं. उशी नको, पांघरूण नको. हरले मी.

८ मार्च, रविवार
नणंद आली. ह्यांच्या उशाशीच बसलो. "वहिनी, एकटी किती दिवस मरमर मरशील? अशा माणसांना सांभाळणारी चांगली संस्था आहे, ठेवू तिथे." मी म्हटलं, "ठेवू. हे आहेत कुठे आता? नुसतं शरीर उरलंय." खोटं कशाला लिहू, हलकं वाटलं. मग दिवसभर मन खात राहिलं.

१० मार्च
मोडलं! आज बोटांचा त्रास नव्हता, हे मुकाट पडून होते. म्हटलं, उरकून टाकू. जोर लावला — आणि सांध्यावरची बारीक दांडी वाकली. करायला गेले एक, झालं भलतंच.

११ मार्च
शेजारणीला बसवून वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. त्याने दांडी सरळ केली. "जोडताना वरच्या तुकड्यावरच्या, भोकांभोवतीच्या कड्या दाबायच्या राहिल्या ना? दाबल्या की दांडी वर उचलली जाते, धक्का लागत नाही." आणि स्वतःच्या मनगटावर दाखवलं — दोन बोटं दाबून! "वादक हे पहिल्याच दिवशी शिकतो, बाई."
बसमध्ये सगळ्यांदेखत रडले. आनंदाने! कळतंय ह्यांना, सगळं कळतंय!

११ मार्च, संध्याकाळ
कड्या दाबून अलगद जोडलं. ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं.
रविवारनंतर ती बोटं का थांबली, ते आत्ता कळलं.