गोऱ्यांची चूल

मालवण,
१२ ऑगस्ट १९६२

तीर्थस्वरूप बाबलीदादास,
दत्तारामचा साष्टांग नमस्कार. आम्ही सगळी इथे बरी आहोत. सावित्रीचा गुडघा पावसात दुखतो, बाकी काही नाही. वहिनीला नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद सांग.

तुझं कार्ड परवा मिळालं. चतुर्थीला मुलांना घेऊन येतोस म्हणून लिहिलंस. दादा, यंदा नको येऊस. रस्ते फार वाईट आहेत, कुडाळहून येणारी मोटार दोनदा वाटेत अडकली. मुलांना खोकला होईल. आणि इथे सराईत जागाही नाही, वरच्या खोलीत साहेब उतरले आहेत.

हे साहेब पुरातत्त्व खात्याचे. गेल्या वर्षी आपली इंग्रजाची सराई संरक्षित झाली, दारावर पाटी लागली, ते तुला कळवलंच होतं. एकही चिरा हलवायचा नाही, हलवला तर शिक्षा, असं पाटीवर लिहिलं आहे. मी रखवालदार, रोज सकाळी ती पाटी पुसतो. साहेब पुण्याचे, अजून तिशीचेही नसतील. दिवसभर फीत धरून मोजतात आणि कागदावर रेघा ओढतात. सागवानी जिना, वरचा सज्जा, सगळ्याचं त्यांना कौतुक. सगळ्यांत जास्त कौतुक गोऱ्यांच्या चुलीचं. मालवणात शेकोटी पेटवायची हौस त्या गोऱ्यांना कशी सुचली म्हणून आपण लहानपणी हसायचो. साहेब हसत नाहीत. खालच्या दालनातली ती चूल, तिच्यावरून माडीच्या भिंतीतून छपराबाहेर गेलेलं ते जाड धुरांडं, असं या किनाऱ्यावर दुसरं नाही म्हणतात.

चूल मी त्यांना अजून दाखवलेली नाही. पुढे फळ्या ठोकल्या आहेत. इथे आमचा गणपती बसतो, चतुर्थीच्या आधी उघडत नाही, असं सांगितलं. त्यांनी चपला काढल्या आणि फळ्यांना लांबूनच नमस्कार केला. दादा, देवाला पुढे करून मी खोटं बोललो. त्या दिवसापासून मला जेवण जात नाही.

पाच वर्षांपूर्वीचं तुला आठवतं ना? गणपती मोठा आणला होता, चुलीत मावेना, वर फळाफुलांची माटवीही बांधता येईना. मी दोन्ही बाजूंचे चिरे काढले, वरची कमान काढली. आग कधी पेटत नाही त्या चुलीला कमान कशाला, असं मला वाटलं. तू गवंडी माणूस, आरतीला आलास आणि बघून पांढरा पडलास. "माका न इचारता हात लायलस? ह्येच्या वर केवढा वझा आसा, ठाव आसा तुका? आधी ऐनाची तुळई घाल. नायतर माझी पोरा हयसर उभी करूचंय नाय." तुळईचं लाकूड तूच तासून ठेवलंस आणि रजा संपली म्हणून गेलास. पंधरा दिवसांनी मी तुला लिहिलं, तुळई घातली.

घातली नाही दादा. ती उचलायला चार माणसं लागली असती, आणि मी काय केलं ते चौघांना कळलं असतं. नोकरी गेली असती, डोक्यावरचं छप्पर गेलं असतं. तुळई अजून मांगरात, मागच्या लाकडांच्या खोपटात, पडून आहे. तुळई आत आहे असं तुला वाटावं म्हणून भगदाडाभोवती मी फळ्या लावल्या, वरून चुना फासला. त्यानंतर चार चतुर्थ्या तू मुलांना त्याच धुरांड्याखाली उभं करून आरती म्हटलीस. मी झांज वाजवत वर बघत असायचो. एकही आरती माझी धड झाली नाही.

आता वर माडीत, धुरांड्याच्या भिंतीला भेग गेली आहे. तूच शिकवल्याप्रमाणे भेग रुंदावते का ते बघायला तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवली. चार दिवसांत फाटली. दुसरी दोन दिवसांत फाटली. काल दुपारी लावलेली तिसरी आज सकाळी फाटलेली दिसली. सारवलेल्या जमिनीवर चुन्याची पूड पडते, सावित्री झाडून काढते आणि माझ्याकडे बघते. साहेबांची खाट त्याच भिंतीला टेकून आहे, कारण पावसात तेवढीच भिंत कोरडी. खाट सरकवा म्हटलं तर म्हणतात, "दत्तारामजी, दीडशे वर्षं उभी आहे ही, माझ्यासाठी पडणार नाही."

काढलेले चिरे कुठे आहेत ते तुला माहीत आहे. आमच्या तुळशीच्या वृंदावनात. साहेबांनी परवा वृंदावनाला हात लावला आणि म्हणाले, हे चिरे इथले वाटत नाहीत. मी म्हटलं, जुने आहेत.

आज जेवणं झाल्यावर सावित्रीला सगळं सांगितलं. वाटलं होतं, चिऱ्यांसाठी वृंदावन मोडायचं म्हटल्यावर ती रडेल, निदान तुरुंगाच्या नावाने तरी घाबरेल. ती भांडी घासत होती, हात थांबवले नाहीत. म्हणाली, "तुळस परत लावूक येता. माणूस गेलो तर खंयसून परत हाडतलात?"

दादा, मला फार भीती वाटते. नोकरीची वाटते, बेड्यांची वाटते, या वयात कुठे जायचं त्याची वाटते. पण त्या खाटेची त्याहून जास्त वाटते. साहेब आता बंदरावर गेले आहेत, चहाच्या वेळेला येतील. मी जिन्याच्या पायरीवर बसून हे लिहितो आहे. ते आले की त्यांना वर जाऊ देणार नाही. आधी फळ्या काढून चूल दाखवणार, मग वृंदावन, मग मांगरातली तुळई. तुझं नाव घेणार नाही. घेतलंच तर एवढ्यासाठी, की एका गवंड्याने मला वेळेवर सांगितलं होतं.

हे पत्र साहेबांना सांगितल्याशिवाय मी पेटीत टाकणार नाही. तेव्हा ते तुझ्या हातात पडलं, तर समज की मी सांगितलं. मग मुलांना तिथेच ठेव, आणि तू एकटा ये. टेकू कुठे लावायचे ते या गावात दुसऱ्या कुणाला कळत नाही.

फाटकाचा आवाज आला. ते आले.

तुळई न घातलेला तुझा भाऊ,
दत्ताराम