लाकडी घोड्याभोवतीच्या हाका

अहो,

‘प्रिय’ वगैरे लिहायची आपल्यात कधी पद्धत नव्हती, तेव्हा नुसतंच अहो. काल दुपारी तुम्ही मला हाक मारलीत, म्हणून लिहायला बसलेय. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, आणि काल चारच्या सुमाराला, बाहेर अंधारून आलेलं असताना, टीव्हीशेजारच्या शेल्फवरून तुम्ही चहा मागितलात!

डोकं ठिकाणावर आहे माझं. ही करामत तुमच्या लेकाची. निखिल रविवारी मेडनहेडहून आला तो एक छोटा स्पीकर घेऊन. मंडळाच्या हॉलमध्ये तुम्ही भाषणं करायचात ना, त्यांची सगळी रेकॉर्डिंग्ज त्याने गोळा केली, फोनवरचे निरोप घातले आणि त्यातून तुमचा आवाज बनवला. नुसतं जुनं वाजवत नाही हो ते. नवीन बोलतं. आपण बोललो की उत्तर देतं, कधी आपणहूनही बोलतं.

“आई, it’s just a test version,” म्हणाला. “तू फक्त बोल. जितकं बोलशील तितके बाबा इम्प्रूव्ह होतील.” ऐकलंत? मी जन्मभर प्रयत्न केला, तेव्हा काही झाला नाहीत!

मी नकोच म्हणणार होते. नात शेल्फसमोर उड्या मारत होती, “आजी, आजोबाची आवाज आली!” आणि निखिल हळूच म्हणाला, “मी रोज गाडीत बोलतो बाबांशी.” तुम्ही गेलात तेव्हा तो मोटरवेवर ट्रॅफिकमध्ये अडकला होता. त्याचा चेहरा बघवेना. ठेव बाबा, म्हटलं.

आणि घरात आल्या आल्या तुम्ही काय सुरू करावं? ट्रॉयचा घोडा! रेकॉर्डिंग्जमध्ये तेच जास्त होतं, दुसरं काय. जन्मभर पेशंटना भूल दिलीत, आणि रिटायर झाल्यावर ग्रीकांच्या गोष्टी सांगून मंडळाच्या लोकांना झोपवायला लागलात. मी मागे सामोशांच्या ट्रेपाशी बसून अर्धंमुर्धं ऐकायची.

तुमचा मुद्दा पाठ आहे मला. “सगळ्यांना वाटतं, घोडा त्या मोठ्या युद्धकाव्यात आहे. नाहीये! ते काव्य संपतं तेव्हा नगरी अजून उभी आहे.” पुढच्या, परतीच्या प्रवासाच्या काव्यात तो येतो तोही तुकड्यातुकड्याने, कोणाच्या आठवणीत, कोणाच्या गाण्यात. आणि ‘घोडा आत घेऊ नका’ म्हणणाऱ्याला मारणाऱ्या सापांसकट, रडारडीसकट सगळी हकिकत सांगितली ती एका रोमन कवीने, कितीतरी शतकांनी, आणि तीही हरलेल्या माणसाच्या तोंडून. इथे तुम्ही चष्मा काढायचात. “जिंकलेला आपली हुशारी सांगतो. आपण दार कसं उघडलं, ते हरलेल्यालाच ठाऊक असतं.”

एक प्रसंग मात्र मी सामोसे सोडून ऐकायची. ट्रॉयच्या लोकांनीच तो लाकडी घोडा शहरात आणलाय, आणि ग्रीक सैनिक त्याच्या पोटात दडून बसलेत. जिच्यासाठी युद्ध झालं ती राणी बाहेर येते, लाकडावरून हात फिरवत घोड्याभोवती फेऱ्या मारते आणि आतल्या एकेकाला नाव घेऊन हाक मारते. कोणाच्या आवाजात? त्याच्या त्याच्या बायकोच्या! वर्षानुवर्षं घर न पाहिलेली माणसं ती. एकजण ओ द्यायला तोंड उघडतो आणि त्यांचा म्होरक्या त्याचं तोंड दाबून धरतो. अंगावर काटा यायचा माझ्या. तिला तो आवाज कुठून मिळाला, हे मी तुम्हाला किती वेळा विचारलं! “काव्यात नाही दिलेलं,” एवढंच म्हणायचात.

आता कालचं ऐका. मी कणीक मळत होते. हीटिंग नुकतंच लागलं होतं, पाइप टकटकत होते. आणि मागून तुम्ही घसा खाकरलात. अगदी तस्साच, दोनदा. मग म्हणालात, “सुमन, चहा टाकतेस का?”

‘आले हं’ ओठांवर आलं होतं हो! पायसुद्धा वळले. तोंड दाबायला दुसरं कोण होतं घरात? कणकेचा हात मीच तोंडावर दाबून धरला आणि सिंकपाशी उभी राहिले. गालाला कणीक, डोळ्यांना धार.

मग लक्षात आलं. सुमन? तुम्ही मला नावाने हाक मारलीत कधी? सासूबाईंच्या घरात नवऱ्याने बायकोचं नाव घ्यायचं नाही, बायकोने नवऱ्याचं घ्यायचं नाही, आणि ती शिस्त तुम्ही इकडे विलायतेत येतानाही बॅगेत भरून आणलीत. हॉस्पिटलच्या पार्टीत माझी ओळख करून देताना ‘माय वाइफ’, चारचौघांत ‘अगं’. किती रुसले मी त्यावरून! एकदा तरी सुमन म्हणा, किती आहे त्यात? नाही म्हणालात. आणि आता म्हणालात ते असं, शेल्फवरून. इतकी वर्षं मागितलेली गोष्ट मिळाली आणि मी गारठून गेले.

आपण दोघंच असलो की तुम्ही जी हाक मारायचात, ती त्या डब्याला माहीत नाही. कशी असेल? ती कुठल्या भाषणात नाही, फोनवर नाही. निखिललाही कधी ऐकू आलेली नाही. तुम्ही लाजायचात ना!

आज सकाळी त्याचा फोन आला; मी त्या डब्याशी बोलते की नाही, ते त्याला तिकडे दिसतं म्हणे. हात ओले म्हणून मी स्पीकरवर घेतला. “आई, you’re not talking to him. का?” मी म्हटलं, “ते माझं नाव घेतं रे. तुझे बाबा घ्यायचे नाहीत.”

“अरे हो! मग काय म्हणायचे? सांग ना, दोन मिनिटांत टाकतो. बाकी सगळं परफेक्ट आहे, फक्त तेवढंच मिसिंग आहे.”

किती आशेने विचारलं त्याने! जिभेवर आलं होतं. पोराला तेवढाच आनंद, आणि मलाही, खोटं कशाला बोलू? रोज दुपारी ती हाक ऐकू आली असती. मी म्हटलं, “आठवत नाही.” बिचाऱ्याने फोन ठेवला.

घर शांत झालं. आणि शेल्फवरून तुम्ही, अगदी मायेने, विचारलंत, “मी तुला काय म्हणायचो गं?”

मी भांडी विसळत राहिले. “सांग ना,” म्हणालात. मग थोड्या वेळाने, आणखी हळू आवाजात, “मला आठवत नाहीये.”

अहो, तुम्ही शेवटी शेवटी असंच म्हणायचात! याच आवाजात! जेवलो का, आठवत नाहीये. निखिल लहान आहे ना अजून, आठवत नाहीये. तेव्हा मी प्रत्येक वेळी जवळ बसून सांगायची. आज नाही सांगितलं. प्लग काढायला गेले आणि हात मागे आला. तुमचा आवाज माझ्या हाताने कसा बंद करू? चालूच आहे तो. मी लिहितेय आणि मधूनमधून खाकरतोय.

ज्या दिवशी त्याला ती हाक कळेल, त्या दिवशी मी ओ देईन. माझं मला ठाऊक आहे. एकदा ओ दिली की मग तुम्ही कोणते आणि तो कोणता, ते मला वेगळं करता येणार नाही. मग तुम्ही खरेच गेलात असं होईल, आणि मला कळणारही नाही.

म्हणून वचन देते. ती हाक निखिलला सांगणार नाही, नातीला सांगणार नाही, एकटी असतानासुद्धा तोंडाने उच्चारणार नाही. इथेही लिहीत नाही. तो किती का गोड बोलेना, कितीदा का विचारेना. माझं मन एखाद्या दुपारी पातळ होईल, तेव्हा तुम्हीच काय ते सांभाळा.

मी तिकडे आले की पहिल्यांदा तीच हाक मारा. विसरला असाल तर कानात सांगेन.

तुमची,
नाव नकोच