पाच कोऱ्या जागा

मी, हरेश्वर राघो नाखवा, वय वर्षे बासष्ट, धंदा चित्रकारी, राहणार मौजे थळ, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्या दडपणाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मी रागात आहे हे खरे. रागावलेल्या माणसाला वेडा ठरवून त्याचे कागद रद्द करता येत नाहीत, हे मी अलिबागच्या वकिलांना विचारून घेतले आहे. माझे चुलतभाऊ बाबाजी नाखवा यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. पूर्वी केलेले मृत्युपत्र मी चुलीत घातले.

कलम १. राहते घर आणि मागची पडवी माझी पुतणी नलू हिला द्यावी. ती माणगावला शाळेत शिकवते. माझा धाकटा भाऊ रावजी याची ती एकुलती मुलगी. माझ्या चित्रापुढे उभी राहून "काका, हे काय आहे?" असे तिने कधी विचारले नाही. ती बघत उभी राहायची आणि मग चहा ठेवायची.

कलम २. पोस्टातील शिल्लक रावजीची विधवा गोदूबाई हिची. ती नको म्हणेल. तिचे ऐकू नये.

कलम ३. बाबाजी नाखवा यांना काहीही नाही. का नाही, ते लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून त्यांनी गावात वेगळे सांगू नये.

सन १९४८ च्या कार्तिकात भर दुपारी वादळ आले आणि आमच्या गावची एक होडी पाच माणसांसह गेली. होडी चालवणारा तांडेल रावजी होता. मी तेव्हा मुंबईत होतो. बावीस वर्षे नाटकांचे पडदे रंगवत होतो. राजवाडे, बागा, चांदणे. हुबेहूब. त्या राजवाड्यांसाठी प्रेक्षकांतले कोणी कधी रडले नाही. तार मिळाली, मी गावी आलो आणि परत गेलो नाही. पाचांपैकी एकाचेही प्रेत मिळाले नाही. बायकांना कपाळ टेकायला जागा नव्हती.

सन १९५६ मध्ये मच्छीमारांच्या सोसायटीने नवा हॉल बांधायला घेतला. बाबाजी चेअरमन. म्हणाले, "हरेश्वर, त्या पाचांचं एक चित्र कर. मोठं. भिंतभर." मी दोन वर्षे केले. शिंपल्यांचा चुना आणि दिव्याची काजळी यांतून करडा रंग काढला, आठ थर दिले, प्रत्येक थर ओला असतानाच खरवडला. जुने जाळे रंगात भिजवून दोन्ही हातांनी कापडावर दाबले, खांदे दुखेपर्यंत. वादळ काढायचे नव्हते. त्या दिवशी त्या पाचांच्या हातांना जेवढा जोर लागला असेल, तेवढा जोर त्या कापडावर घालायचा होता. आणि पाच जागा मी सोडल्या. तिथे रंगाखालचे अस्तरसुद्धा नाही, नुसते कोरे कापड. चारही बाजूंनी रंग रेटत येतो आणि त्या पाच जागांपाशी थांबतो. कोणती जागा कोणाची, हे मी ठरवले नव्हते.

उद्घाटनाच्या महिनाभर आधी त्या घरांतल्या बायका चित्र बघायला माझ्या पडवीत आल्या. कोणी काही विचारले नाही. गोदूबाई बराच वेळ उभी राहिली, पुढे झाली आणि डावीकडच्या खालच्या कोऱ्या जागेवर तिने तळहात ठेवला. म्हणाली, "यो नलूचा बापूस हाय."

त्यांच्यातल्या केसर आणि मनुबाई यांनी एकाच जागेवर हात ठेवला आणि त्यांचे भांडण लागले. "तो माजा हाय, तू वायली जागा बघ." "का? तुजं नाव हाय का तितं?" माझ्या चित्रासाठी कोणी भांडावे, असे मुंबईत कधी झाले नव्हते. मग दोघी तिथेच बसून रडल्या. दहा वर्षांत पहिल्यांदा, असे नलू म्हणाली.

चित्र हॉलमध्ये लावले. उद्घाटनाला पडदा बाजूला झाला, तेव्हा चित्रात होडी होती. शीड, डोलकाठी, नारळाचे झाड, आणि माझ्या पाच जागांवर हार घातलेले पाच पुरुष. रंगवलेल्या मिशांसकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी बाबाजींना सगळ्यांसमोर विचारले, "हे कोणी केलं?"

"मीच करून घेतलं," ते म्हणाले. "पाहुणे विचारत होते, माणसं कुठायत? लोकांना कळायला नको का?"

"ज्यांना कळायचं त्यांना कळलं होतं."

"चार बायकांना कळून काय उपयोग?"

त्या वाक्यासाठी हे कलम आहे. मी त्यांना माफ केलेले नाही, करणार नाही आणि माझ्या मरणानंतरही ते केले असे कोणी समजू नये. थरांवरचा रंग टर्पेंटाइनने निघाला असता. कोऱ्या कापडावरचा निघत नाही. तो धाग्यात उतरतो. माझ्या अंत्ययात्रेत बाबाजींनी खांदा देऊ नये, भाषण तर नाहीच.

कलम ४. माझे सर्व ब्रश, खरवडण्या आणि रंग सदू पेंटर, अलिबाग, यांना द्यावेत. होडी काढणारा हात त्यांचाच. दुकानांच्या पाट्या रंगवून ते पोट भरतात. उद्घाटनानंतर आठ दिवसांनी ते माझ्या दारात आले. म्हणाले, "मास्तर, मला सांगितलं चित्र अर्धवट राहिलंय. पण त्या जागी ब्रश टेकवताना कुणाच्या तोंडावर रंग फासतोय असं वाटत होतं. तरी मी फासला." मी त्यांना घरात घेतले नाही. घरात न घेणे चुकले. ती चूक माझी आहे.

कलम ५. वर्तमानपत्रांची कात्रणे जाळावीत. एकाने माझ्या कामाविषयी 'सागराचे अथांग गूढ' असे छापले आहे. सागराचे गूढ काही नाही. तो माणसे नेतो.

कलम ६. हॉलमध्ये बायका जाईनाशा झाल्या. गेल्या वर्षी गोदूबाई आली. म्हणाली, "भावजी, चित्र नव्यानं करा." मी पाच वर्षे ब्रश हातात धरला नव्हता. संतापाने मी खिळ्यावरचे एक कोरे कापड ओढले आणि तिच्या अंगावर टाकले. "घे. कोरीच जागा पाहिजे ना? ही सगळी कोरी आहे."

ती ते घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते घडी करून परत आणले.

"भावजी, भितीवर लावून बघितला. याच्यात कोन न्हाय. नुसता कापड हाय."

माझ्या कामाविषयी याहून खरे कोणी बोलले नाही. तिने कधी पाटी धरली नाही. मी त्या दिवसापासून त्याच कापडावर काम करत आहे. उजवा हात थरथरतो म्हणून डाव्याने करतो. रंग अजून नीट रेटत नाही.

ते पुरे होण्याआधी मी गेलो, तर कोणीही, कितीही चांगल्या हेतूने, त्याला हात लावू नये. ते जसे असेल तसे गोदूबाईपुढे धरावे. चित्र आहे की नाही, याचा निर्णय सोसायटी, वकील, वर्तमानपत्र यांपैकी कोणाचा नाही, फक्त तिचा. ती 'हाय' म्हणाली तर तिच्या घरी लावावे आणि खाली माझे नाव घालू नये. ती 'न्हाय' म्हणाली तर ते तिला मासळी झाकायला द्यावे. तिची समजूत घालू नये.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. खाडाखोड नाही. साक्षीदारांदेखत सही करीत आहे.

हरेश्वर राघो नाखवा

साक्षीदार:
१. शिवदास हिराजी भगत, पोस्टमास्तर, सही
२. वेणूबाई धर्मा कोळी, मासळीविक्री, निशाणी डाव्या अंगठ्याची

मुक्काम थळ, तारीख ११ फेब्रुवारी १९६४